म्हाळाच्या पानावरचा पक्षी

गिरणीच्या संपानंतर लालबागची खोली विकून आम्ही मुलुंडला आलो. सासऱ्यांना हे पसंत नव्हतं. मुलुंडला माणसं राहत नाहीत, असं ते म्हणायचे. कागद होण्याआधीच ते गेले, त्यामुळे त्यांना मुलुंडला यावं लागलं नाही.

पितृपक्षात त्यांचा पहिला म्हाळ आला तेव्हा सासूबाईंना एकच घोर होता, ते इथे जेवायला येतील का. नाही आले तर त्या गावी जाऊन राहणार होत्या आणि पुढचं पान तिथेच ठेवणार होत्या. मला हे नको होतं. दूधवाला, रेशनवाला, जिन्यातल्या बायका, सगळ्यांशी त्याच बोलायच्या. मी मागे पिशवी धरून उभी राहायचे. त्या गेल्या असत्या तर मला बोलावं लागलं असतं.

गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर, तांबड्या भोपळ्याची भाजी. पान ठेवलं की मागे सरायचं, बघत राहिलं तर कावळा शिवत नाही. पण त्या पंधरवड्यात मुलुंडच्या कावळ्यांना प्रत्येक गच्चीवर जेवण होतं. ते पाण्याच्या टाकीवर बसून राहिले. सासूबाई खाली उपाशी. मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मी गच्चीच्या दाराआडून बघत होते.

दुपार कलल्यावर एक पक्षी आला. कावळ्याएवढाच, पण रंग चहात दूध जास्त झाल्यासारखा. पानावर बसला, वडा खाल्ला आणि खाडीच्या बाजूला उडून गेला.

खाली जाऊन सांगितलं. कावळाच ना, असं सासूबाईंनी विचारलं. मी रंग सांगितला. त्यावर त्या विचारात पडल्या, तरी ताट पुढ्यात घेतलं. एवढ्यात शेजारचे काका आले. ते नोकरीतून रिटायर झाल्यापासून पक्षी बघायचे. गळ्यात दुर्बीण तशीच होती. त्यांनी तोच पक्षी आपल्या गॅलरीतून उडताना पाहिला होता. तो समुद्रातला आहे, वादळात भरकटलाय, आपल्याकडे असा कोणी पाहिलेला नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या पक्षीवाल्या मंडळींना कळवायचं होतं, पण जवळून बघणारं कोणीतरी असल्याशिवाय ती मंडळी मानायची नाहीत.

सासूबाईंनी ताट सरकवलं आणि मला ट्रंक काढायला सांगितली.

"काका, उद्या सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" आमचे हे म्हणाले.

पक्षी उद्यापर्यंत थांबत नाही, असं काकांचं म्हणणं पडलं.

मग त्यांनी खिशातून पेन काढून मला विचारायला सुरुवात केली. मी जमिनीकडे बघून उत्तरं दिली. चोच कशी होती? चोच वड्यात होती. आवाज? तोंड भरलेलं होतं. शेपूट मी पाहिली नव्हती.

"बरं, वडा खाल्ला कसा?"

"पायाखाली धरून. फाडून फाडून."

काकांनी तेच दोनदा विचारलं आणि पेनाला टोपण लावलं. समुद्रातल्या त्या पक्ष्याच्या बोटांना बदकासारखं कातडं असतं, त्याला पायाखाली काही धरता येत नाही. हा कावळाच, जन्मापासून रंग कमी असलेला. हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

मला वाटलं, मिटलं. पण सासूबाई म्हणाल्या, "तेंनी जन्मात कधी अन्नाक पाय लावल्यानी नाय. ते न्हयत."

आता काकांना स्वतःचा पक्षी गमावून आमच्या कावळ्याची बाजू घ्यावी लागली. "अहो वहिनी, कावळ्याला हात कुठून आणायचे? तो पायानेच धरणार."

सासूबाईंना ते पटलं नाही. माणसाची सवय अशी जात नाही, असं त्या म्हणाल्या. मी खाटेखालून ट्रंक ओढली. तिच्यावरची गोधडी उचलली.

"भोपळो खाल्ल्यानी?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही. चोचीत धरून कठड्याखाली टाकला."

तो तळमजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर पडला होता. तेवढं मी बोलले नाही. सासरे जेवायला बसले की आधी भोपळा ताटाबाहेर काढून ठेवायचे. लग्न झाल्यापासून सासूबाई तो वाढत होत्या आणि ते काढत होते.

"मगे तेच," त्या म्हणाल्या. "वाढ गो. काकांका पण वाढ."

पांढरट कावळासुद्धा क्वचितच दिसतो, पण मंडळी मानतील की नाही कोण जाणे, असं काका पाटावर बसता बसता म्हणाले. त्यांच्या मंडळींनी काय ते बघावं, आपली ओळख पटली, असं सासूबाईंनी सांगितलं. काकांनी सगळं खाल्लं, भोपळासुद्धा.

मी ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवत होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या बाई चादर घेऊन वर आल्या. सासूबाई हात धुऊन दारात गेल्या. मी मागे उभी राहिले.