माणूस हरवलाय माझा

गेम बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रात ती आठ वर्षं फोन घेत होती. ठरवून दिलेल्या वाक्यांपलीकडे अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता. कंपनीने मोबाइलवरचा ऑनलाइन बुद्धिबळाचा गेम बंद केला, त्या दिवशी एका म्हाताऱ्या शिंप्याचा फोन आला.

"रोज दुपारी एकजण माझ्याशी खेळायचा. त्याला माझा निरोप तरी द्या."

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"गैरसोय कसली, बाई? माणूस हरवलाय माझा."

तिला राहवलं नाही. "कळतंय, काका. मलाही घरी बोलायला कुणी नाही."

बोलणं रेकॉर्ड झालंच होतं. साहेबांनी नियमावर बोट ठेवून तिची कानउघाडणी केली. पुढे महिनाभर फोन उचलताना तिला वाटायचं, काकाच असतील. त्यांचा फोन काही आला नाही.