बाकावर फुंकर

वॉल्टर प्रोकोपचुकच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, दोन करवतीनं नेली. तरी विनिपेगात नदी गोठली की स्केटिंग करणाऱ्यांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून जी चित्रविचित्र खोपटी बर्फावर उभी राहतात, ती आठ हिवाळे त्याच्याच हातची. नकाशे जगभरातले हुशार लोक पाठवायचे. कुणी कांद्याच्या आकाराचं खोपटं काढायचं, कुणी नुसत्या जुन्या दारांचं. उणे तीसमध्ये खिळा ठोकणं काय असतं, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नसायचं. तयार खोपटी ट्रॅक्टरनं ओढत काठावरून बर्फावर नेणं माझं काम.

नकाशात असो वा नसो, वॉल्टर प्रत्येक खोपट्यात एक बुटका बाक ठोकायचाच. कारण स्टेला, त्याची बायको. तीन बोटांनी त्याला स्केट्सच्या नाड्या आवळता यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी ती नव्या बाकावर बसायची, त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि आवळायला लागायची.

"हळू गं! पाय आहे माझा, पोतं नाही," तो ओरडायचा.

"सैल राहिलं तर नदीवर लोळशील. मग उचलायला लेओचा ट्रॅक्टर बोलवायचा का?"

लेओ म्हणजे मी.

त्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, स्टेला फार तर जानेवारीपर्यंत. ती मला म्हणाली, "यंदाचं खोपटं बघते, मग जाते. चाकांच्या खुर्चीवरून न्या मला." म्हणजे सगळं नदीवर आलं. आणि नदी मेली गोठेना! डिसेंबरात लोक उघड्या डोक्यानं हिंडत होते, हवा काय छान म्हणत होते. मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटे. वॉल्टर रोज सकाळी बर्फाला भोक पाडून पट्टी घालायचा. ट्रॅक्टरला फूटभर बर्फ हवा. पट्टी सहा इंचांवर अडलेली.

खोपटं मात्र काठावर तयार होतं, लाल नमद्याचं, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचं, वरून उघडं. ज्या बाईनं ते योजलं होतं तिनं फोनवर बजावलं, "बाक नको. लोकांनी उभं राहून आकाश बघायचंय."

"बाई, आकाश बसूनही दिसतं," वॉल्टर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याच दुपारी त्यानं बाक ठोकला.

तीन जानेवारीला स्टेला गेली. बर्फ तेव्हा नऊ इंच होता.

सहा तारखेला वॉल्टरच्या घरच्या, जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या नाताळची आदली संध्याकाळ. दरवर्षी मी तिथंच जेवतो. त्या संध्याकाळी घरातली गेलेली माणसं परत येऊन बसतात, म्हणून बसण्याआधी खुर्चीवर फुंकर घालायची आणि त्यांच्यासाठी एक ताट मांडून ठेवायचं. एरवी मी हसत फुंकायचो. त्या वर्षी हसलो नाही. वॉल्टरनं मांडलेल्या ताटात सणाची 'कुत्या' नावाची गव्हाची गोड खीर वाढली.

मग थंडी आली. आता आली! उणे अडतीस, सलग दहा दिवस. मी नदीला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. वीस तारखेला फूटभर बर्फ भरला आणि खोपटं ओढून नेलं. वॉल्टर गळ्यात स्केट्स अडकवून मागून चालत आला. माझे पाय बधिर झाले होते. ट्रॅक्टरवरून उतरलो, आत शिरलो आणि धपकन बाकावर बसलो.

"ऊठ!" दारातून वॉल्टर ओरडला. "फुंकलं नाहीस."

"अरे, तो सण होऊन गेला की."

"खोपटं बघते, मग जाते, म्हणाली होती ना तुला? मग गेली नसणार अजून. ऊठ, तिच्या अंगावर बसलायस."

मी चटकन उठलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटली. वॉल्टर वाकला, बाकावर हळूच फुंकर घातली, एका माणसाची जागा सोडून कडेला बसला. स्केट्स पायात चढवले. मग नाड्या तशाच लोंबत ठेवून रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

मी बर्फावर गुडघे टेकले आणि त्याचा पाय मांडीवर घेतला.

"घट्ट आवळ," तो म्हणाला.

मी जीव खाऊन आवळल्या. तो एकदाही 'हळू' म्हणाला नाही.