रमाच्या तक्त्यातले तीस श्वास

"पॉझिटिव्ह आहात, सर. सॅच्युरेशन ब्याऐंशी आहे. घरी नाही पाठवता येणार," नांदेडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती भिनलाय त्याचं मोजमाप. ते पंचाण्णवच्या पुढे हवं. मी चालत आलो होतो, बोलत होतो. मला ते खरंच वाटेना.

मला तिथं पाठवलं होतं एका विद्यार्थिनीनं.

मी कंधारला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. कोरोनामुळे कॉलेज अचानक बंद झालं, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, म्हणून मोबाइलवरूनच प्रॅक्टिकल दिलं: घरच्या माणसांचे मिनिटाला श्वास मोजा, तक्ता करा. नाव, नातं, श्वास. त्याच आठवड्यात मला कणकण होती. बायको म्हणे दाखवून या, मी म्हणे उन्हाचं आहे. शिकवताना दम लागला की कॅमेरा बंद करून बसायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. माइक चालूच राहतो, हे काही ध्यानात आलं नाही.

इस्लापूरच्या रमानं तक्त्याचा फोटो पाठवला. आई सतरा, भाऊ अठरा, आणि खाली: सर, तीस. मी चिडून फोन लावला.

"रागावू नका, सर. तुम्ही थांबले की श्वास ऐकू येऊन राहिला. तीनदा मोजला मी. बारा ते वीस पाहिजे, तुम्हीच सांगितलं न्हाई का? दवाखान्यात जा ना, सर."

"पोटावर झोपा," डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगायचे. याला प्रोनिंग म्हणतात. फुप्फुसाच्या मागच्या भागाला त्यानं हवा मिळते. वीस वर्षं फळ्यावर फुप्फुसं काढली, पण एक श्वास म्हणजे काय ते तिथं कळलं. न सांगता, न मागता हे आत चालू असतं, झोपेतसुद्धा! मी नुसता थक्क होऊन पडलेला असायचो. भीतीही वाटली, खूप. शेजारचा पलंग दोनदा रिकामा झाला.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस उशीर केला असता, तर अवघड होतं."

तुमच्या घरी कुणी 'काही नाही, उन्हाचं आहे' म्हणत असेल, तर वाद घालू नका. घड्याळ घ्या, छातीकडे बघत मिनिटभर मोजा.

घरी आल्यावर तक्ते तपासायला बसलो. रमाचा आता नीट पाहिला. त्या दिवशी मी नुसता आकडा बघून भडकलो होतो. माझ्या नावापुढे नात्याच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'घरचेच'.

बाकीचे तक्ते बाजूला ठेवले. मग छातीवर हात ठेवून मिनिटभर मोजलं आणि तिला कळवलं: श्वासाची नोंद दुरुस्त कर, अठरा. बाकी सगळं बरोबर आहे.