बिनकाट्याचा मासा

"मूल जन्मतःच स्वतंत्र असतं, आईनं फक्त मध्ये यायचं नसतं." हे सांगताना बाई तळहात हवेत आडवा धरायच्या, चौकातल्या हवालदारासारखा. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. आता त्यांची बदली नागपूरला झालीय; त्या वेळी आम्ही कोलकात्यात, गार्डन रीचच्या सरकारी कॉलनीत, त्या वर आणि मी खाली.

कुठल्या देशातल्या आया तान्ह्यांना वेगळ्या खोलीत निजवतात, कुठली मुलं शाळेत एकटी जातात, हे त्या शेजारच्या इमारतीतलं असावं तसं सांगत. त्यांची चार वर्षांची रेवा बूट स्वतः घालायची. उलटे, पण स्वतः. पडली तर कोणी उचलायचं नाही, असा नियम होता. तिचं रडणंही आटोपशीर असे.

त्यांच्या समोरच्या दारात बंगाली बौदी, म्हणजे सगळ्या कॉलनीची वहिनी. त्यांचा मुलगा नोव्हेंबर लागताच माकडटोपीत शिरे आणि आईच्याच हातून जेवे. "हा बोहल्यावरही तोंड उघडून बसेल," बाई म्हणायच्या.

एका दुपारी रेवा सापडेना. शोधत आम्ही समोर गेलो. बौदी मांडी घालून बोटांनी माशाचे काटे काढत होत्या आणि दोन तोंडं आळीपाळीनं उघडत होती. त्यातलं एक रेवाचं. ती बौदींना टेकून बसली होती. आईला ती टेकलेली मी कधी पाहिली नव्हती. बहुधा बाईंनीही नाही.

बाईंनी विचारलं, रेवा स्वतःच्या हातानं का जेवत नाही.

"काँटा है ना," बौदी म्हणाल्या. "बच्चा कैसे खाएगा?"

रविवारी त्या पिढीजात शाकाहारी घरात मासा आला. कोळ्यानं नवखं गिऱ्हाईक ओळखून भेटकीचे बिनकाट्याचे, महागातले तुकडे दिले होते. बाईंनी मांडी घातली, घास केला. रेवानं तो चाचपला आणि ताट स्वतःकडे ओढलं.

"आई, यात काटे नाहीत. माझं मी खाते."

हे बाईंनीच मला सांगितलं. तळहात मांडीवर होता.

पुढच्या रविवारी त्यांनी इलिश आणला. त्यात काटेच काटे. काढून झाल्यावर एखादा राहिला तर नाही ना, म्हणून पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला. राहिला होता. आरडाओरडा ऐकून मी वर धावलो.

घशात काटा अडकला की बंगाली घरात कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला देतात. तो बौदींनी भरवला. बाईंची हनुवटी रेवानं धरली होती.