पाट्याची कच

माझ्या बहिणीच्या सासरी, चाकणजवळच्या खेड्यात, अजून एक नियम पाळतात. नव्याने टाकी लावलेल्या, म्हणजे छिन्नीने ठोकून खरखरीत केलेल्या पाट्यावर तोंडाला लावायचं काही वाटायचं नाही. आता पाटा वापरतंच कोण? पण मध्यंतरी मी तिकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याची मुलगी चेहऱ्याला लावायला मसुराची डाळ मिक्सरमधून काढत होती. तिची आई म्हणाली, नीट चाळून घे गं, तुझ्या पणजीच्या चुकीनं आजीचं तोंड गेलं होतं. मी समोर चहा पीत बसलो होतो. काही बोललो नाही. साठाहून अधिक वर्षं मी हेच करत आलो आहे. बहीण गेली, आई तर कधीच गेली. मी गेलो की ही गोष्ट अशीच खरी ठरेल, म्हणून लिहून ठेवतो. आईची काही चूक नव्हती.

आम्ही तेव्हा काळेवाडीला राहत होतो. काळेवाडी म्हणजे शेतांत विखुरलेली थोडीशी घरं. पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं नुकती कुठे दिसायला लागली होती. वडील देवीच्या साथीत गेले होते. त्याच साथीत बहिणीलाही देवी आल्या. ती वाचली, पण दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर वण राहिले. मी वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि सायकलने देहूरोडला कामाला जायचो. तिथे लष्कराच्या जुन्या ट्रकांची इंजिनं खोलून दुरुस्त करायचं काम चालायचं. माझ्याकडे व्हॉल्व्ह घासायचं काम होतं. व्हॉल्व्हच्या कडेला जळून बारीक खड्डे पडतात. तिथे घासायचा काळा मसाला, म्हणजे तेलकट लेपात कालवलेली खरखरीत पूड, लावायचा आणि व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरवत राहायचं. मसाल्याच्या डब्याला दोन तोंडं असायची, एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक. खड्डा कधी भरत नाही. आजूबाजूचं लोखंड झिजवून खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, की खड्डा राहतच नाही. हे मला फार चांगलं जमायचं, आणि त्याचा मला गर्व होता.

एकदा मी घासून गुळगुळीत केलेला, पण बाद ठरलेला एक व्हॉल्व्ह घरी दाखवायला आणला. बहीण तेव्हा सोळा-सतराची होती. तिला दोन ठिकाणची मंडळी बघून गेली होती, आणि दोन्हीकडून काही कळवलं गेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर मुलाच्या आत्याने तिला मुद्दाम अंगणात उन्हात उभी करून पाहिलं होतं. तिने त्या व्हॉल्व्हच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दादा, हितं खड्डं हुतं?"

"होते की. देवीच्या वणासारखे."

"मग गेलं कसं?"

मी सांगितलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिने मागितलं नव्हतं, हे मला आधी नोंदवायचं आहे. डब्यातला मसाला कागदात बांधून, जेवणाच्या डब्याच्या फडक्याखाली लपवून मीच आणला. फाटकावर झडती व्हायची, पण त्या दिवशी झाली नाही.

तिसरी मंडळी चाकणकडून यायची ठरली होती. कांद्याचं शेत, एकुलता मुलगा. आईने सकाळ-सकाळ मसुराची डाळ, हळद आणि दूध असं उटणं लावायला सुरुवात केली होती. त्याच आठवड्यात दारावर पाट्याला टाकी लावणारी बाई आली. आमचा पाटा पार गुळगुळीत झाला होता. तिने अंगणात बसून छिन्नी-हातोडीने त्याला टाकी लावली. ती गेल्यावर, सुटलेली दगडाची कच निघून जावी म्हणून आईने पाटा धुतला, मूठभर ज्वारी वाटून कोंबड्यांना टाकली, पुन्हा धुतला, पुन्हा ज्वारी वाटून टाकली. मी ओट्यावर बसून सायकलचं पंक्चर काढत होतो. मी ते दोन्ही वेळा पाहिलं आहे.

आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची आणि दिवस मावळताना परत यायची. मी कामावरून आलो की आम्हाला तासभर मिळायचा. बारीक मसाला खोबरेल तेलात कालवून फडक्याच्या बोळ्याने मी तिच्या गालावर घासायचो. सात-आठ दिवस घासलं. गाल लाल व्हायचे, चकाकायचे. आईला वाटलं, उटणं लागू पडतंय. वण मात्र होते तसेच होते.

मंडळी यायला तीन दिवस राहिले. कामावर आधी जाड मसाला लावतात आणि मग बारीक. मी उलटं केलं म्हणून जमत नाही, असं माझ्या डोक्यात आलं. त्या दिवशी जाड मसाला आणला. तिला ओसरीच्या खांबाला टेकून बसवलं, डोळे मिटायला सांगितले. थोडा वेळ झाल्यावर ती म्हणाली, "दादा, लई झोंबतंय." मी म्हटलं, थोडं राहिलंय. व्हॉल्व्ह घासताना हाताखालचा आवाज बदलतो, खरखर मऊ होत जाते, तेव्हा थांबायचं असतं. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. कातडीला तसा आवाज नसतो. मग बोळा ओला लागला, आणि ते तेल नव्हतं.

रक्त धुतलं, पण मसाला निघेना. काळे कण जखमेत रुतून बसले होते. मी पंचा भिजवून पुसत होतो, आणि पुसण्यानेही ते आणखी आत जात होते. राहिलेला मसाला मी उकिरड्यात पुरून आलो, तेवढ्यात आई आली.

तिने मुलीचा चेहरा कंदिलाजवळ नेऊन पाहिला. काळे कण दिसले. आमचा पाटा काळ्या दगडाचा. आईने वळून पाट्याकडे पाहिलं. "माझ्या पाट्याची कच गेली गं ह्या उटण्यात," ती म्हणाली. "सकाळी मला बोटाला लागल्यावानी झालं हुतं."

तिला काहीही लागलं नसणार. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होतो. मग बहीणच म्हणाली, "व्हय आये. सकाळपासनंच झोंबत हुतं."

मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही.

चेहरा पिकला. ताप चढला, एक डोळा सुजून बंद झाला. चाकणला निरोप गेला की मुलगी आजारी आहे. त्यांचा उलट निरोप आला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती जरा शुद्धीवर होती, तेव्हा मी म्हटलं की मी आईला सांगतो. ती म्हणाली, "तू चोरून आणलंयस. आई रडंल, चार जणांना सांगंल. तुझी नोकरी गेली तर खायाचं काय?" तिने माझ्यासाठी कारण तयार ठेवलं होतं. मी ते घेतलं.

जखमा भरल्या. वणांच्या जागी दोन्ही गालांवर निळसर काळे डाग कायमचे राहिले. आईने पाटा न्हाणीत नेऊन पालथा घातला. आमच्याकडे चटणी त्यानंतर खलबत्त्यात व्हायची. भाकरीचं पीठ घेतलं की आई आधी चिमूट दातांखाली धरून बघायची, कच आहे का. रोज, शेवटपर्यंत.

पुढच्या वर्षी ती टाकीवाली बाई पुन्हा आली. आई दारातच तिच्या अंगावर गेली. बाईने ओरडणं ऐकून घेतलं, मग बहिणीकडे बोट करून म्हणाली, बघू दे. बहीण पुढे आली. बाईने तिची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने चाचपला.

"काळ्या दगडाला टाकी मारली की कच पांढरी पडती, बाई," ती आईला म्हणाली. "ही काळी कुठनं आली?"

आई म्हणाली, स्वतःचं झाकायला काहीही सांगतीस.

"माझा जल्म गेला दगडात. दगडाचा ओरखडा लांब ऱ्हातो. ह्ये कुणीतरी बसून घासलंय."

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. माझी नखं कामामुळे कायम काळी असायची. मी हात खिशात घातले. आईने तिला पुन्हा दारात न येण्याबद्दल बजावलं. तिने हातोडी-छिन्नी टोपलीत टाकली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. त्या वस्तीवर ती परत दिसली नाही. शेजारपाजारच्या बायकांनीही तिला काम देणं बंद केलं होतं, असं मला नंतर कळलं. तिने टाकी लावलेला पाटा वापरला की तोंड जातं, असा बोलवा झाला होता. त्या बोलव्याची सुरुवात मी उकिरड्यात पुरली होती.

बहिणीला शेवटी चाकणकडेच दिली, पण त्या कांदेवाल्याकडे नाही. बिजवर होता, आधीची दोन मुलं होती. माणूस वाईट नव्हता. तिला एक मुलगा झाला, तोच माझा भाचा. संसार तिने नीट केला. लग्नकार्यात मात्र ती कायम मागे, चुलीजवळ बसायची, आणि पदर गालावरून ओढून घेतलेला असायचा.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा बहीण आठ दिवस येऊन राहिली. शेवटच्या दोन दिवसांत आईला फारसं दिसत नव्हतं. ती हाताने चाचपत मुलीचा चेहरा शोधायची. गालावर हात ठेवून म्हणायची, माझ्या हातनं झालं, मला पदरात घे. मी पायथ्याशी बसलो होतो. नोकरी तोवर पक्की झाली होती, जायची भीती नव्हती. आईला एक वाक्य सांगायला किती वेळ लागला असता? बहिणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने आईचा हात गालावरून काढून आपल्या दोन्ही हातांत धरला. "आये," ती म्हणाली, "लई जुनं झालं ते." आईला वाटलं, तिने माफ केलं. पण जे आईने केलंच नव्हतं, त्याची माफी घेऊन ती गेली.

गेल्या वर्षी आमच्याकडे न्हाणी पाडून टाइल्स बसवल्या. कामगाराने पाटा उपटून बाहेर टाकला. मी तो धुऊन उताणा केला. टाकीचे घाव जसेच्या तसे होते. त्यावर आठवडाभरसुद्धा नीट वाटण झालं नव्हतं. मी तळवा टेकवून दोन-तीन वेळा जोरात घासला आणि तळवा उन्हात धरून पाहिला. एक कण निघाला नव्हता. आईने दोनदा ज्वारी वाटून टाकली होती.

हे पान भाच्याकडे पाठवतो आहे. मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या पोरीला सांगा, डाळ पाहिजे तशी वाट.