किती आहे ते सांगायचं नाही

माझ्या नवऱ्याचं नाव उकंडा, म्हणजे उकिरडा. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा माझ्या मैत्रिणींनी विचारलं, "साधना, दुसरं काही नाव नाही का गं?" नव्हतं. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तो जन्मला तेव्हा सासूबाईंनी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं मूठभर कोंडा देऊन त्याला उचलून आणलं. उकिरड्यावरचं पोर कोणाला हवं असतं? जे न्यायला येतं ते नाक मुरडून पुढच्या घरी जातं, असा त्यामागचा विचार. पुढच्या घराचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

पुढेही सासूबाईंनी या पोराबद्दल एक खरी गोष्ट बाहेर सांगितली नाही. पोटभर जेवला तर म्हणायच्या, अन्नच जात नाही त्याले. दहावी पास झाला तर गावभर सांगून आल्या की नापास झाला. मला पाहायला आल्या तेव्हा माझ्या वडिलांना म्हणाल्या, "पोरगं काही कामाचं नाही, पाहा बापा तुमची मर्जी." वडिलांना वाटलं, बाई किती सरळ आहे! झालं लग्न.

मी शाळेत शिकवते. खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करते, आणि घरी हा प्रकार. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणतेय, समोर अहोजाहोच करते, उगीच कोणी भुवया उंचावू नयेत. माझ्या हातच्या भाजीला त्यानं आजवर कधी चांगलं म्हटलेलं नाही. 'ठीक हाये' म्हणतो आणि पातेलं पुसून खातो. ही कंजुषी नसून माया आहे हे कळेपर्यंत मी पुष्कळ रडून घेतलं. कळल्यावरही राग गेला नाहीच.

दारव्ह्याबाहेर यवतमाळ रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. काळीपिवळी जीपवाले त्याच्याकडे रांग लावतात, कारण त्याच्या हातचं इंजिन गाडी भरलेली असली तरी चढावर दम सोडत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं, ही त्याची तपासणी. ताकद वाढवायची तर तो आधी ब्रेक पाहतो, मग पाणी आणि ऑइल नीट फिरतं का ते तपासतो आणि मगच इंजिनला हात लावतो. गाडी पळवून पाहायची ती मात्र भर दुपारी, तीही मे महिन्यात. "सकाळच्या गारव्यात म्हातारा बैलबी पळते," तो म्हणतो. "बारा वाजता पळून दाखव म्हणा." त्या वेळी आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वावरं नांगरून उघडी पडलेली असतात, वावटळी आरामात रस्ता ओलांडतात आणि बाया लेकरांना घरात घेऊन कडी लावतात. दुपारची ती वेळ बाहेरच्यांची, असं इथं सगळेच मानतात.

काम झालं की तो आईचाच कित्ता गिरवायचा. गाडीत आलेली ताकद मालकाला कमीच सांगायची. "थोडीशी सुधरली," एवढंच. कोणाची नजर लागू नये म्हणून, असं मी समजत होते.

मागच्या उन्हाळ्यात सदाशिवरावांचा अंकुर एक जुनी विदेशी गाडी घेऊन आला. सदाशिवराव म्हणजे आमच्या भागातले मोठे कास्तकार, कापूस आणि तुरीचे, आणि अंकुर त्यांचा एकुलता एक मुलगा. या गाडीच्या इंजिनवर एक ब्लोअर होता. इंजिनच पट्ट्यानं त्याला फिरवतं आणि तो हवा दाबून इंजिनात भरतो. त्याची पुली लहान बसवली की तो जास्त वेगानं फिरतो, जास्त हवा भरतो आणि गाडी उधळते. फिरताना शिटीही वाजवतो. मात्र हवा वाढली की पेट्रोल वाढवावं लागतं, हवा थंड ठेवावी लागते, ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते. नाही तर पेट्रोल भलत्या वेळी पेटतं, आतून टकटक सुरू होते आणि पिस्टनला भोक पडतं. हे सगळं मला तेव्हाच कळलं, कारण शाळेला सुट्टी होती आणि मी रोज डबा घेऊन गॅरेजवर जात होते.

"उकंडाभाऊ, किती दाब सहन करते हे इंजिन?" अंकुरनं विचारलं.

"दहा पॉईंट. त्याच्यावर मले इचारू नको."

आयुष्यात कधी नव्हे ते त्यानं गिऱ्हाईकाला खरं उत्तर दिलं.

त्यानं काम जीव लावून केलं. पुली बदलली, पेट्रोल वाढवलं, प्लग बदलले, हवेच्या कूलरला मोठा पंखा दिला आणि चार दुपारी स्वतः गाडी पळवून आणली. दाब नेमका दहावर ठेवला. मग दाबाच्या मीटरची काच काढली, काटा उपसला आणि तीन पॉईंट खाली सरकवून पुन्हा बसवला. आता आत दहा असले तरी मीटर सात दाखवणार होतं.

"अहो, मीटरलेबी सुपात घालता का?" मी हसले.

तो हसला नाही. "मीटर सगळ्यांलेच दिसते," म्हणाला.

"सगळ्यांले म्हणजे कोणाले?"

त्यानं मीटरची काच लावली. अंकुर गाडी घेऊन गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "सातच?" आणि हा म्हणाला, "सातच."

पुढच्या आठवड्यात मी डबा घेऊन गेले तर रस्त्यावरून ती शिटी येत होती. बारीक, वर चढत जाणारी. मला वाटलं अंकुर आला. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. शिटी जवळ आली, गॅरेजसमोर आली, तिथं थोडी थांबली आणि विझली. रस्ता मोकळा होता, डांबर तापून चकाकत होतं. मी अंकुरला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, गाडी तर घरी हाये, ताडपत्री टाकून."

नवऱ्याकडे पाहिलं तर त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव होता. "म्हणजे तुलेबी ऐकू आली," तो म्हणाला. मी डबा तिथंच ठेवला आणि त्याला सावलीत बसवलं.

मग त्यानं सांगितलं. लहानपणी अशाच दुपारी सासूबाई दारात बसायच्या आणि त्याला धान्याच्या कोठीमागं बसवायच्या. बाहेरून कोणीतरी विचारायचं, "किती लेकरं?" सासूबाई सांगायच्या, "एकबी नाही." मग ऊन कलेपर्यंत त्याला बाहेर काढायच्या नाहीत.

"कोण इचारे? बाई का माणूस?"

"आवाज आईचाच होता," तो म्हणाला. "इचारणाराबी आन् सांगणाराबी."

"आन् आता?"

"आता शिटीत तेच ऐकू येते. किती? इंजिनले कान लावला का इचारते. म्या कधीच खरं सांगतलं नाही, साधना. ज्याचं खरं कळलं त्याले ते घेऊन जाते."

मी मास्तरीण आहे. मी त्याला सांगितलं की ऊन लागलंय तुम्हाला, खिशात कांदा ठेवा आणि पाणी प्या. सासूबाईंचं डोकं तीन लेकरं गेल्यानं फिरलं असणार, हेही सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी डबा सकाळीच देऊन येऊ लागले.

मग एक दिवस सिलिंडर संपला, स्वयंपाकाला उशीर झाला आणि मी ऐन बाराला गॅरेजवर पोचले. दारात अंकुरची गाडी चालू उभी होती, झाकण उघडं. त्याची धाकटी बहीण अर्पिता आत बसली होती. तिला यवतमाळला कॉलेजात काही काम होतं.

"उकंडाभाऊ, हे पाहा," अंकुर खुशीत होता. "काल नागपुरातून आणखी लहान पुली टाकून आणली. तुमीच म्हणे न, दहा सहन करते म्हणून? तुमी भ्याले आन् सातवर सोडली. तिथंच जराशी दाबून पाह्यली, आता मीटर बरोब्बर दहा दाखवते. पहाटेच्या थंडाव्यात हळूहळू आलो, काही नाही झालं. आता यवतमाळपर्यंत पूर्ण दाबतो."

मीटर दहा दाखवत होतं म्हणे. मला वजाबाकी येते, बेरीजही येते. आत तेरा होते.  बाहेर सगळं भाजून निघत होतं आणि त्या इंजिनात ती भाजलेली हवा ठासून भरली जाणार होती. पूर्ण वेगात पिस्टन फुटला, ऑइल चाकाखाली सांडलं, तर ही दोन पोरं कुठं जाऊन पडतील हे मला दिसत होतं.

नवऱ्यानं स्क्रू ड्रायव्हर इंजिनवर टेकवून कानाला लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "आज जाऊ नको," तो म्हणाला.

"काहून?"

"ऊन हाये."

"तुमी तर उन्हातच टेस्ट करता!"

"पट्टा ढिला हाये. उद्या ये."

"कालच नवा टाकला." अंकुर हसून गाडीत बसायला वळला.

नवरा माझ्याकडे पाहत राहिला. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत मी कोठीमागं लपलेलं पोर पाहिलं. मला त्याची फार दया आली आणि फार रागही आला. मी ओरडले, "सांगा न!"

"अंकुर, मीटर खोटं हाये," तो म्हणाला. "म्या काटा खाली बसवला होता. पह्यलेच दहा होते. आता तेरा हायेत. तेरा!"

अंकुरला ते पटलं नाही. "तुमचं नेहमीचंच हाये भाऊ. कधी कमी सांगता, आता भेव दाखवाले जास्त सांगून राह्यले." ज्यानं जन्मभर खोटं सांगितलं त्याचं खरं कोण ऐकणार? त्यानं झाकण पाडायला हात घातला.

तेव्हा माझ्या नवऱ्यानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद पडलं. त्यानं ब्लेडनं ब्लोअरचा पट्टा कापला आणि हातात घेऊन अंकुरसमोर धरला. अंकुर संतापानं लाल झाला. अर्पिता घाबरून उतरली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

आणि शिटी सुरू झाली.

गाडी बंद होती, किल्ली आणि कापलेला पट्टा नवऱ्याच्या हातात होते. शिटी गाडीच्या उघड्या तोंडातून येत होती, मग ती आमच्यामधून सरकली आणि रस्त्याला लागली. अंकुरनं मान वळवून तिच्या मागं पाहिलं, म्हणजे त्यालाही ऐकू येत होती. ती यवतमाळकडे निघाली, चढत गेली, सुसाट झाली. रस्त्यावर काही नव्हतं. नाल्याच्या वळणाजवळ टकटक ऐकू आली, आधी विरळ, मग दाट. मग एक धडाका, रबर घासल्याचा आवाज, पत्रा चुरगळत लांबपर्यंत गेल्याचा आवाज. आणि त्यात एका मुलीची किंचाळी, मध्येच तुटलेली.

नंतर काहीच नाही. अंकुर मटकन खाली बसला. माझ्या नवऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

अर्पितानं माझा हात घट्ट धरला होता. "वहिनी," ती म्हणाली, "तो आवाज माझा होता न?"

"नाही गं," मी म्हटलं. "टिटवी होती."

ती इथलीच पोर, टिटवी ओळखते. तरी ती हो म्हणाली, आणि सदाशिवराव न्यायला येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.