गाडीखाली थेंब नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं हे सगळं. मी स्वराच्या डब्याच्या चपात्या लाटत होते आणि आमचे हे खालून ओरडले, "अगं, गाडीतलं पाणी कुठे गेलं?" जसं काही मीच काढून आमटीत घातलं!

जोगेश्वरीत आमच्या गल्लीच्या भिंतीला लागून चार टॅक्सी उभ्या राहतात. चार ड्रायव्हर म्हणजे किस्से साठणारच, मोरीतल्या भांड्यांसारखे. एक घासून ठेवावा तोवर दुसरा पडलेला. त्या महिन्यातले सगळे मात्र आमच्याच गाडीचे.

इंजिन थंड ठेवायला ते हिरवं पाणी असतं ना, कूलंट, ते रोज थोडं कमी व्हायचं. आणि खाली थेंब नाही. पाणी संपलं तर इंजिन बसणार, आणि इंजिन बसलं तर आमचं घरच बसणार. दुसरी कमाई नाही.

*

शेजारच्या टॅक्सीचे बंड्याभावजी म्हणाले, चोरी आहे. मी म्हटलं, कूलंट कोण चोरणार?

"वहिनी, मुंबईत गटाराचं झाकण जातं."

ते खरंच होतं. मग दोघांनी बॉनेटच्या फटीवर टेप चिकटवली आणि वर सही केली, मतपेटीला करतात तशी. सकाळी टेप जागेवर, सही जागेवर, पाणी कमी. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या दारातून म्हणाल्या, "आता भुताकच सही करूक सांगा."

*

कोपऱ्यावर इक्बालभाईंचं गॅरेज आहे. पॅसेंजरला उतरवून हे थेट तिकडे गेले. इंजिन गरम होतं. इक्बालभाईंनी पंप लावून आत दाब भरला. काटा जागचा हलला नाही. म्हणाले, "लीकेज नहीं है. इंजिन अंदर से पी रहा है."

म्हणजे इंजिन उघडायचं. गाडी किती दिवस उभी राहील, ते त्यांनाही सांगता येईना. खात्री करायला सगळे सायलेन्सरमागे वाकून धूर हुंगत बसले. कूलंट जळलं तर गोडसर वास येतो म्हणे. वरच्या गॅलरीतून काकूंनी विचारलं, "काय रे, शिरा केलाय का गाडीत?"

सगळे हसले. हे नाही हसले. त्या दिवशी ताटावरून अर्धपोटी उठले.

*

मग कुणीतरी जुना उपाय सांगितला, रेडिएटरमध्ये हळद टाक, भोक बुजतं. यांनी माझ्या माहेरची हळद नेली. डबाच नेला! अर्धी आत, अर्धी तापलेल्या इंजिनावर. पवईला जाणाऱ्या पॅसेंजरने सगळा रस्ता नाक वर करून काढला आणि उतरताना म्हणाला, "भैया, आपका टिफिन खराब हो गया है."

इक्बालभाईंनी शिव्या घालत सगळं धुऊन काढलं. इतके दिवस जेवढं कमी व्हायचं तेवढं हे वरून साधं पाणीच घालून चालवत होते. आता मात्र चांगलं, नवं कूलंट भरलं. पाणी न मिसळता, अगदी घट्ट हिरवं.

*

आणि खाली फ्लेक्स अंथरला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, कुणातरी साहेबांचा हात जोडलेला फोटो. थेंब पडला तर दिसेलच. सकाळी बघितलं तर फ्लेक्सवर सगळीकडे धूळ, साहेबांचा चेहरा मात्र चकाचक.

बंड्याभावजी म्हणाले, "बघ, साहेबांना घामसुद्धा फुटला नाही."

त्या फ्लेक्सवर आमचा बटर झोपायचा. बटर म्हणजे गल्लीतला कुत्रा. चहात बुडवलेल्या बटरसाठी जीव टाकायचा, म्हणून स्वराने ठेवलेलं नाव. चार वर्षांची आहे ती. पूर्वी तो चारही गाड्यांखाली फिरून झोपायचा. हल्ली यांचीच गाडी धरली होती. हे म्हणायचे, निदान राखणदार तरी मिळाला.

*

एके सकाळी बटर झिंगल्यासारखा चालत आला. पाय एकीकडे, डोकं एकीकडे. "काल कुणी पाजली रे याला?" बंड्याभावजींनी विचारलं आणि गल्ली पोट धरून हसली. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जरा बरा वाटला. मग खाणं सोडलं, उलट्या. मला स्वराचीच धास्ती. तिला घरात कोंडलं, दहादा हात धुतले तिचे. ती खिडकीतून बटर टाकायची, तो नुसता बघायचा.

शेवटी यांनी दिवसाची भाडी सोडली आणि त्याला मागच्या सीटवर घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, शांत. म्हणाले, किडन्या गेल्यात. आधी मी विचारलं, मुलीला होईल का? म्हणाले, हा लागण होणारा आजार नाही. मग यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गाडीतलं कूलंट चाटलं का याने? गोड लागतं, कुत्री चाटतात. विषच ते."

हे अगदी छातीवर हात ठेवून म्हणाले, "नाही साहेब. महिना झाला, शोधतोय आम्ही. आमच्या गाडीखाली एक थेंब पडत नाही."

संध्याकाळी बटर गेला. भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत पुरलं त्याला. स्वराला सांगितलं नाही अजून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला खाली उतरले. फ्लेक्सवर, साहेबांच्या हनुवटीशी, हिरवं तळं साचलेलं. चांगलं वाटीभर.

इक्बालभाई येऊन गाडीखाली आडवे झाले. चहा यायच्या आत सापडलं. वॉटर पंपाच्या मागे. गरम असेपर्यंत पंप पाणी धरून ठेवायचा, इंजिन थंड होत आलं की सोडायचा. "रोज गिरता था," ते खालूनच म्हणाले.

हे म्हणाले, "मग रोज कोरडं कसं?"

बंड्याभावजींनी खाली वाकून फ्लेक्स गुंडाळायला घेतला.

*

तुमच्या ओळखीत कुणाच्या गाडीचं पाणी कमी होत असेल आणि खाली कोरडं दिसत असेल, तर त्याला एवढा निरोप द्या. गॅरेजला नंतर जा म्हणावं. आधी गाडीखाली कोण झोपतं, ते बघ.